नर्मदाकाठची वहिवाट

शेतकऱ्याच्या बोलण्यात 'वाट' आणि 'वहिवाट' असे दोन शब्द येतात, आणि त्या दोहोंत तो पुष्कळ अंतर मानतो. वाट म्हणजे जमिनीवर उमटलेली पायांची खूण. ती आज आहे; उद्या नांगर फिरला की नाहीशी झाली. वहिवाट म्हणजे त्या खुणेच्या पाठीशी उभा असलेला पिढ्यांचा रिवाज. बांधावरून तंटा उपस्थित होऊन प्रकरण मामलेदारापुढे गेले, म्हणजे तेथे केवळ जमीन कोणाची एवढेच विचारीत नाहीत. या जागेवरून कोण, केव्हापासून आणि कशासाठी जात-येत आहे, याचीही चौकशी होते. वहिवाटीच्या हक्कांविषयीच्या १८८२ सालच्या कायद्याने वीस वर्षांच्या उघड व अखंड वापरास हक्काचे स्वरूप दिले, आणि कोणी वाट अडविल्यास सहा महिन्यांच्या आत दाद मागण्याची सोय १९०६ सालच्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने केली. खानदेशातील खेड्यापाड्यांतून या कायद्यांची नावे फारशी कोणास ठाऊक नसतील. परंतु त्यांतील तत्त्व प्रत्येक शेतकऱ्यास पूर्णपणे अवगत असते.

हे कायदे ज्या वाटांचा विचार करतात त्या लहान असतात. घरापासून शेतापर्यंत, शेतापासून विहिरीपर्यंत, फार तर एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत. परंतु आपल्या देशात अशीही एक वाट आहे की, जिची लांबी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते, जी डोंगरकड्यांवरून, शेतांच्या बांधांवरून आणि अखेर समुद्राच्या मुखावरून जाते, आणि जिची सबंध नोंद कोणत्याही एका दप्तरात सापडावयाची नाही. ती वाट म्हणजे नर्मदेची परिक्रमा. तिचा एक अवघड टप्पा खानदेशाच्या वायव्य कोपऱ्यातून जातो, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो टप्पा पाण्याखाली गेला. वाट बुडाल्यावर वहिवाटीचे काय होते, याचा विचार करण्यास याहून योग्य उदाहरण सापडणे कठीण आहे.

नर्मदा मैकल पर्वतातील अमरकंटक येथे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर उगम पावते आणि विंध्य व सातपुडा यांच्या मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन भडोचच्या पुढे खंबायतच्या आखातास मिळते. तिची लांबी १३१२ किलोमीटर आहे. त्यांपैकी १०७७ किलोमीटर मध्यप्रदेशात आणि १६१ किलोमीटर गुजराथेत आहेत. मधले ७४ किलोमीटर ती महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. दोन्ही तीरांची बेरीज केली तर सव्वीसशे किलोमीटर होतात. वळणे, चढ-उतार आणि ओढ्यांचे फेर धरले म्हणजे चालणाऱ्यास याहूनही अधिक अंतर पडते.

या वाटेचे नियम मोजके आहेत, आणि नीट पाहिले तर त्या नियमांनीच नकाशाचे काम केलेले आहे. पहिला नियम असा की, नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची. दुसरा असा की, नदीचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही. उपनद्या ओलांडण्यास हरकत नाही. तिसरा असा की, पावसाळ्याचा चातुर्मास एका ठिकाणी मुक्काम करून काढावयाचा. प्रारंभ कोठूनही करावा. मात्र जेथून प्रारंभ केला तेथेच येऊन वर्तुळ पुरे करावे. ज्यास दक्षिण तीरावरून निघावयाचे तो पश्चिमेकडे तोंड करून चालू लागतो. समुद्रापाशी उत्तर तीरावर येतो. तेथून पूर्वेस वळून अमरकंटकापर्यंत जातो. उगमाच्या वरून वळसा घेऊन पुन्हा दक्षिण तीरावर उतरतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निरक्षर मनुष्यसुद्धा कोणास न विचारता सारी प्रदक्षिणा करू शकतो. फाटा फुटला आणि संशय आला, तर उजवीकडे पाणी आहे की नाही एवढे पाहावे.

हे नियम किती काटेकोरपणे पाळतात, याचे एक उदाहरण ओंकारेश्वर येथे दिसते. ओंकारेश्वराचे प्रसिद्ध मंदिर मांधाता बेटावर, म्हणजे नदीच्या पात्रातच आहे. तेथे जाणे म्हणजे नदी ओलांडणेच होय. म्हणून परिक्रमेस निघालेला मनुष्य वाटेत असेपर्यंत त्या बेटावर पाऊल ठेवीत नाही; दक्षिण तीरावरील ममलेश्वराचे दर्शन घेऊन तो समाधान मानतो. प्रदक्षिणा पुरी झाल्यावर, बरोबर नेलेले नर्मदेचे जल ओंकारेश्वरास अर्पण करूनच त्याचे व्रत समाप्त होते. जुन्या रिवाजाप्रमाणे या सर्वास तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागावयाचे. अलीकडे बहुतेक लोक कार्तिकी एकादशीनंतर निघून चार ते सहा महिन्यांत पायी परिक्रमा उरकतात. पुष्कळजण मोटारीनेही फिरून येतात. परंतु येथे विचार आहे तो पायी चालणारांचा.

नदी ओलांडावयाची नाही हा नियम खरा. परंतु ती जेथे संपते तेथे काय करावे? तेथे समुद्रच ओलांडावा लागतो. दक्षिण तीरावर हांसोटच्या बाजूस विमलेश्वर म्हणून ठिकाण आहे. तेथून नावेत बसून नदीच्या मुखाबाहेरून, खाऱ्या पाण्यातून उत्तर तीरावरील मिठी तलाई येथे जावयाचे असते. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी आपल्या देशातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून दूरपर्यंत चिखलाचे मैदान उघडे पडते, आणि नाव पाण्याची वाट पाहत कलंडून पडलेली असते. म्हणून तेथे घड्याळ पाहून भागत नाही. तिथी आणि भरती पाहून नाव सोडावी लागते. मध्यरात्री भरती आली तर मध्यरात्री निघावे. भोवतालचा मुलूख मिठागरांचा आणि खारफुटीचा आहे. त्या खाऱ्या रानात गोड्या पाण्याचे तळे मिळाले, यावरूनच उत्तर तीरावरील गावास मिठी तलाई हे नाव पडलेले आहे.

आता असा प्रश्न येतो की, एवढ्या लांबच्या वाटेवर मनुष्य खातो काय आणि निजतो कोठे? व्रताप्रमाणे त्याने द्रव्याचा संचय बरोबर ठेवावयाचा नसतो. एक काठी, एक कमंडलू, अंथरण्या-पांघरण्यापुरते वस्त्र आणि नर्मदेच्या पाण्याची लहानशी कुपी एवढीच त्याची सामग्री. सायंकाळी तो एखाद्या गावी पोहोचतो, 'नर्मदे हर' म्हणून हाक देतो, आणि गाव त्यास आसरा देते. कोठे धर्मशाळा असते, कोठे देवळाची पडवी, कोठे शाळेचा ओटा, तर कोठे एखाद्याच्या घराचा ओसरा. कोठे शिजलेले अन्न मिळते. कोठे कणीक, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो, त्यास सदावर्त म्हणतात. देणारे सर्व सुस्थितीतील असतात असे मुळीच नाही. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर जेमतेम आहे, तोही त्या भाकरीतील चतकोर काढून ठेवतो. परिक्रमेची वाट दगडमातीने बांधलेली नाही; पंधरा-वीस किलोमीटरांवर कोणीतरी दार उघडतो, म्हणून ती वाट आहे. ते दार बंद झाले तर पायाखालची जमीन शाबूत असूनही वाट नाहीशी होईल.

मराठी वाचकांस या वाटेचा परिचय नवा नाही. टेंबेस्वामी या नावाने प्रसिद्ध असलेले वासुदेवानंद सरस्वती १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे समाधिस्थ झाले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचे त्या तीराशी नाते जडले. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीने परिक्रमा मराठी घरांत पोहोचविली. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर' या पुस्तकाने अनेकांस प्रत्यक्ष वाटेवर आणले. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड हे १९७७ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, प्रथम नर्मदाकाठाने चालू लागले. एका दमात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने त्यांनी ती वाट चालून काढली, आणि हिंदी व गुजराथी भाषांत तिची वर्णने लिहिली. बांधांच्या पाण्याने नदीचे रूप पालटण्यापूर्वीचा आणि पालटल्यानंतरचा असा दोन्ही काळांतील काठ त्यांनी पाहिला होता.

आता खानदेशाकडे वळावयाचे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व भागाचा पुढे जळगाव जिल्हा झाला व पश्चिम भागाचा धुळे जिल्हा. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, आणि नर्मदेस लागलेले अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके त्यात गेले. सर्वसाधारण खानदेशी मनुष्य आपल्यास तापीकाठचा समजतो, आणि ते बरोबरच आहे. तथापि सातपुड्याच्या रांगा ओलांडून पलीकडे उतरले, म्हणजे खानदेशाची उत्तर शीव नर्मदेच्या पाण्याने भिजते, ही गोष्ट जळगाव-धुळ्याच्या पुष्कळ लोकांच्या ध्यानातही नसते. तोरणमाळचे पठार आणि त्याच्या कडेचा सीताखाईचा कडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या मुलखाची थोडी कल्पना येईल. अश्वत्थाम्याचे स्थान मानलेले अस्तंभ्याचे शिखर याच भागात १३२५ मीटर उंच उभे आहे, आणि दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी तरुण पायी ते चढून जातात.

या डोंगरांतून नर्मदा खोल घळीतून वाहत असे. एका बाजूस सातपुड्याचा उतार, दुसऱ्या बाजूस विंध्याचा. मध्ये खडकांवर आदळणारे पाणी. काठावरून जाणारी पायवाट कोठे वाळूतून, कोठे कड्याच्या कडेने, कोठे ओढ्याच्या तळातून वर चढून पुन्हा खाली उतरणारी. या अरण्यमय प्रदेशास शूलपाणीची झाडी म्हणतात. येथे भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती आहे. त्यांची घरे एकास एक लागून नसतात. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, टेकाडावर, सुटे सुटे असते, आणि अशा घरांचा मिळून पाडा होतो. त्यामुळे नवख्या माणसास गाव आले केव्हा आणि संपले केव्हा हेच समजत नाही. मका, ज्वारी आणि डोंगरउतारावरचे बारीक धान्य यांवर त्यांचा निर्वाह. उन्हाळ्यात मोहाचा आधार.

जुन्या परिक्रमावासीयांस या झाडीची धास्ती असे. तेथे भिल्ल येऊन प्रवाशाचे सर्व काही काढून घेत आणि लंगोटीवर सोडून देत, अशी ख्याती होती. परंतु परंपरेने या प्रसंगासही एक अर्थ दिलेला होता. नर्मदा ही माता. तिच्या काठचे भिल्ल हे तिचे भाऊ. म्हणून ते चालणाऱ्याचे मामा. मामांनी घेतले ते मातेच्या घरी गेले, असे समजून मनुष्य पुढे चालू लागे. यात श्रद्धेचा भाग किती आणि निरुपायाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. इतिहासाची बाजूही विसरता येत नाही. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, आणि १८२५ साली औट्रम याने आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारून त्या लोकांस शिस्तीत आणण्याचे काम आरंभिले. ज्यांची राने आणि घाटवाटांवरील जुने हक्क गेले, त्यांनी वाटसरूचे घोंगडे ओढून घेतले, तर त्यात केवळ दुष्टपणा पाहणे न्यायाचे होणार नाही. आज ही लूट उरलेली नाही. पूर्वी जे मामा कपडे उतरवून घेत म्हणून ओळखले जात, त्यांच्याच पाड्यांवर आज परिक्रमावासीयांस भाकर आणि पाणी मिळते.

अशा या वाटेवर बांधाचे पाणी आले. गुजराथेत केवडिया येथील सरदार सरोवराचा पाया १९६१ साली घातला गेला. राज्याराज्यांतील पाणीवाटपाचा निवाडा १९७९ साली लवादाने दिला. आणि १९९३ नंतर दर पावसाळ्यात पाणी वर वर चढू लागले. महाराष्ट्रातील पहिले गाव, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली, त्या पहिल्या वर्षांतच पाण्यात गेले. तेथील लोकांनी आणि मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाव आंदोलनाने पाण्यात उभे राहून विरोध केला; त्याच १९९३ साली जागतिक बँकेचे कर्जही थांबले; तथापि बांध थांबला नाही. २०१७ साली तो पुरा झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात त्यातील पाणी प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीस पोहोचले. या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर आहे. गुजराथच्या कोरड्या मुलखास त्याने पाणी दिले, वीजही दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्रातील ३३ गावांची जमीन, संपूर्ण वा अंशतः, त्याच्या पोटात गेली. त्याच पाण्याखाली जुने शूलपाणेश्वराचे मंदिर गेले, म्हणून गोरा येथे नवे बांधावे लागले. आणि त्याच पाण्याखाली, कोणी वेगळी दखलही न घेता, परिक्रमेची काठावरची वाट गेली.

वाट बुडाली म्हणजे काय करावे, हा प्रश्न इतर देशांसही पडलेला आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास समुद्रकाठच्या कड्यांवरून जाणारी एक प्रसिद्ध पायवाट आहे. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत तिची लांबी १०१४ किलोमीटर भरते. जकात चुकवून रात्री माल उतरविणाऱ्या चोरट्यांवर पाळत ठेवण्यासाठी किनाऱ्यावरील पहारेकरी प्रत्येक खाडीत डोकावत कड्याच्या अगदी कडेने फिरत. त्यांच्या पायांनी ती वाट पडली. पहाऱ्याची गरज संपल्यावरही लोक तीवरून चालत राहिले. १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्याने आणि पायवाटा यांविषयी कायदा झाला, आणि त्याच्या आधारे अशा लांब वाटा सरकारी रीतीने मान्य झाल्या. परंतु समुद्र कडा पोखरतो, कडा ढासळतो, आणि वाट त्याबरोबर खाली जाते. म्हणून २००९ च्या कायद्याने तेथील किनारवाटेसाठी अशी योजना केली की, कडा मागे हटला तर वाटही जमिनीच्या आतल्या बाजूस सरकावी, आणि ती सरकविण्याचे काम ठरलेल्या खात्याने करावे. म्हणजे वाट ही जमिनीच्या विशिष्ट पट्टीस बांधलेली नसून किनाऱ्यास बांधलेली आहे, हे तत्त्व तेथे कायद्यात लिहिले गेले.

नर्मदाकाठी असे काही लिहिलेले नव्हते. आपल्याकडे गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवितात. परंतु अक्राणी व अक्कलकुव्यातील डोंगराळ गावांपैकी कित्येक गावे दीर्घकाळ केवळ वनगावे होती. महसुली दप्तरात त्यांची नीटशी नोंदच नव्हती. जेथे माणसाचे शेत कागदावर दाखविणे कठीण, तेथे वाटसरूची वाट कोण दाखविणार? असे असूनही ती वाट सरकली. ती कोणत्याही हुकुमावाचून सरकली, आणि तिच्या दोन शाखा झाल्या.

एक शाखा डोंगरातच राहिली. काठ बुडाला म्हणून ती वरच्या उतारांवर चढली, आणि जलाशयाच्या वर उरलेल्या पाड्यांमधून, पूर्वीपेक्षा अधिक चढ-उताराने जाऊ लागली. ज्यांस झाडीतूनच जावयाचे आहे ते हिने जातात. दुसरी शाखा मात्र फार दूर सरकली. बडवानीकडून ती दक्षिणेस वळते, सातपुडा ओलांडून खेतिया येथे खानदेशाच्या सपाटीस लागते, आणि शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, खापर अशी जाऊन सागबाऱ्याकडे गुजराथेत शिरते व पुन्हा नर्मदेच्या काठास मिळते. दिवाळीनंतर निघालेले परिक्रमावासी मार्गशीर्ष-पौषात या भागात दिसू लागतात. त्या वेळी कापसाची वेचणी चाललेली असते, हरभरा डोलत असतो, ऊसतोड सुरू झालेली असते, शहाद्याकडे पपईच्या बागा फळांनी वाकलेल्या असतात. आणि गाड्यांच्या रांगांच्या कडेने पांढऱ्या वस्त्रांतील माणसे काठी टेकीत जात असतात.

प्रकाशा हे गोमाई व तापी यांच्या संगमावरचे क्षेत्र; लोक त्यास दक्षिणकाशी म्हणतात. १९५४-५५ साली तेथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ माणसे त्या संगमावर येत-जात आहेत. नर्मदेचा यात्रेकरू तापीच्या घाटावर येऊन पाणी पितो, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु नकाशा पाहिला तर नियम कोठेही मोडलेला आढळत नाही. प्रकाशा तापीच्या उत्तर तीरावर आहे. चालणारा तापी ओलांडीत नाही. त्याच्या उजव्या हातास सातपुडा असतो, आणि सातपुड्यापलीकडे नर्मदा असतेच. ती दिसत नाही, तिचा आवाज येत नाही. तरी ती उजवीकडेच आहे. इंग्लंडात जे कायद्याने साधले, ते येथे एका जुन्या नियमाने आणि खानदेशातील गावांच्या आतिथ्याने साधले. ज्या गावांनी पूर्वी क्वचितच परिक्रमावासी पाहिले असतील, त्यांनी आपली देवळे, मंगल कार्यालये आणि ओसऱ्या त्यांच्यासाठी उघडल्या.

येथपर्यंतची कथा समाधानाची आहे. परंतु ती येथे संपविली तर अर्धी सांगितल्यासारखी होईल. वाट सरकली खरी. पण ज्या हातांनी ती पूर्वी जगविली होती, त्या हातांचे काय झाले? बुडालेल्या गावांतील काही कुटुंबे उतारावर वर सरकून डोंगरातच राहिली. त्यांच्या पोरांसाठी आंदोलनाने 'जीवनशाळा' काढल्या, आणि तेथे पावरी-भिलोरी बोलींतून सुरुवात करून मुलांस मराठीपर्यंत आणले. इतर कुटुंबांस शासनाने खाली सपाटीवर जागा दिल्या. तळोदा तालुक्यातील वनजमीन मोकळी करून सोमावल, रोझवा अशा ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. काही कुटुंबे गुजराथेत गेली. ज्यांनी डोंगरात नदी, मासळी, मोह आणि कुरण यांवर संसार केला, त्यांस एकाएकी बांध घातलेल्या चौकोनी शेतात, दुसऱ्यांच्या शेजारी, विहिरीच्या पाण्यावर संसार मांडावा लागला. जमिनीच्या हक्काचे तंटे कित्येकांचे वर्षानुवर्षे चालले.

म्हणजे बांधाच्या पाण्याने वाट आणि गावे या दोहोंस उठविले, आणि दोन्ही तळोद्याच्या सपाटीस येऊन उतरली. वाटेस तेथे लगेच आसरा मिळाला. कोणीही तिच्याकडे सात-बाराचा उतारा मागितला नाही. पिढ्यांची वहिवाट एवढाच तिचा पुरावा, आणि तो सर्वांनी मान्य केला. गावांस मात्र प्रत्येक पावलास कागद विचारला गेला. त्या डोंगरात त्यांच्याही पिढ्या गेल्या होत्या, त्यांचीही वहिवाट होती. परंतु ती कागदावर नसल्याने तिची किंमत कमी ठरली. परिक्रमेची वाट टिकली म्हणून आनंद मानणाऱ्याने हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. वाटसरूस चालण्याचा हक्क ज्या रिवाजाने मिळतो, त्याच रिवाजाने काठच्या माणसास राहण्याचाही हक्क मिळावयास हवा होता.

खानदेशास पायी चालण्याचे महत्त्व कोणी नव्याने शिकवावे असे नाही. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगराहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी महिनाभराहून अधिक दिवस चालून आषाढीस पंढरपुरास पोहोचते. चैत्रात जळगाव-धुळ्याकडील हजारो स्त्रीपुरुष उन्हातान्हात सप्तशृंगगडाकडे पायी जातात, आणि त्यांच्यासाठी रस्तोरस्ती पाण्याचे माठ भरून ठेवलेले असतात. ज्या मुलखात असे माठ भरले जातात, त्याने नर्मदेच्या वाटसरूंस आपले म्हणावे यात नवल नाही.

जे स्वतः परिक्रमेस जाऊ इच्छितात त्यांनी काही गोष्टी आधीच मनाशी ठरवाव्यात. सामान इतकेच घ्यावे की दिवसभर पाठीवर बाळगून संध्याकाळी हसतमुखाने बोलता येईल. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. झाडीतील वाट अंधारात चालू नये. पाड्यावर गेल्यावर न विचारता कोणाच्या ओसरीवर चढू नये. पुढे येईल ते अन्न घ्यावे, आणि त्या घरात मुले किती आहेत ते पाहून घास मोजावा. चहा-साखरेची, गरम पाण्याची मागणी करू नये. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या काठावर टाकू नयेत. ज्या नदीस माता म्हणावयाचे तिच्या पाण्यात त्या जातात. व्रतात पैसा बाळगणे वर्ज्य असले, तरी परतल्यावर त्या पाड्यावरील शाळेस वह्या-पुस्तके पाठविणे वर्ज्य नाही. आणि ज्यांच्या घरी मुक्काम झाला, त्यांच्या गावाचे व पाड्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेवावे. परिक्रमावासीयांच्या वहीत देवस्थानांचे आणि आश्रमांचे शिक्के असतात. त्यांत या पाड्यांची नावेही असली पाहिजेत.

ती नावे लिहून ठेवण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. मणिबेलीच्या काठावरून पूर्वी किती माणसे गेली, कोणी त्यांस भाकर दिली, याची नोंद कोणी केली नाही. म्हणून ती वाट बुडाली तेव्हा तिचे नुकसान कोणाच्या हिशेबात आले नाही. आज जी वाट शहादा-तळोद्यावरून आणि डोंगरातल्या उरलेल्या पाड्यांवरून जात आहे, तिच्यावर उद्या मोठा रस्ता येईल, कालवा येईल, कारखाना येईल. त्या वेळी येथून वाट होती आणि येथे माणसे राहत होती, असे सांगणारी चार-दोन हजार वह्यांतील पाने जर निघाली, तर वहिवाटीचा तो पुरावा चालणाऱ्यांच्या उपयोगी पडेलच, आणि दार उघडणारांच्याही उपयोगी पडेल.